परवलीचा शब्द कोणाचा?

मनुष्य नोकरी पत्करतो तेव्हां मालकाला तो नेमकें काय विकतो? दिवसाचे आठ तास, हातांतलें कसब, डोक्यांतली हुशारी आणि कामापुरती निष्ठा, एवढें विकतो, असें सामान्यतः कोणीहि सांगेल. संध्याकाळीं कचेरीचें दार लागलें म्हणजे तो आपला मोकळा. मग तो कोणाशीं काय बोलतो, कोणाला कशीं पत्रें लिहितो, कोणत्या देवाला हात जोडतो किंवा जोडीत नाहीं, याचा जाब त्यानें मालकाला द्यावयाचा नसतो. ही समजूत कानाला गोड लागते. ती व्यवहारांत कितपत खरी आहे, आणि फेसबुकसारख्या सामाजिक माध्यमांच्या काळांत तिचें काय झालें आहे, हें आजच्या भाषणांत पाहावयाचें आहे.

श्रोतेहो, पहिली हकीकत अमेरिकेंतल्या मेरिलंड राज्याची आहे. तेथील कारागृह खात्यांतला एक सुरक्षा अधिकारी आईच्या मृत्यूनंतर रजेवर गेला होता. २०१० सालीं तो पुन्हां रुजू होण्यासाठीं आला, तेव्हां खात्यानें त्याची रीतसर मुलाखत घेतली. त्या मुलाखतींत, फेसबुकवर खातें आहे काय, असें त्याला विचारण्यांत आलें. आणि आहे म्हटल्यावर त्या खात्याचा परवलीचा शब्द मागण्यांत आला. कारण काय, तर गुन्हेगारांच्या टोळ्यांशीं त्याचे कांहीं लागेबांधे आहेत कीं काय, हें पाहावयाचें होतें. नोकरीची गरज असल्यामुळें त्यानें तो शब्द सांगितला. समोरच्या मनुष्यानें तेथल्या तेथें त्याचें खातें उघडलें आणि तो वाचूं लागला. हा बिचारा खुर्चींत बसून त्याच्याकडे पाहत राहिला. आई गेलेल्या मुलाला आप्तेष्टांनीं काय काय लिहिलें असेल, याची कल्पना ज्याची त्यानें करावी.

परवली हा शब्द आपल्याकडे मूळचा लष्करी छावणीचा आहे. रात्रीं पहाऱ्यावरचा शिपाई येणाऱ्यास हटकी आणि ज्याला त्या रात्रीचा ठरलेला शब्द सांगतां येई त्यालाच आंत सोडी. छावणींतल्या एका शिपायानें तो शब्द बाहेर फोडला, तर त्याचा एकट्याचाच तंबू उघडा पडत नसे. सारी छावणी उघडी पडे. संगणकाच्या व्यवहारासाठीं हा जुना शब्द मराठींत रूढ झाला, तो ज्यानें कोणी योजला असेल त्याची योजना मोठी समर्पक ठरली. कारण फेसबुकवरच्या खात्याची गोष्ट अगदीं तीच आहे. खातें नांवाला एकाचें असलें, तरी त्यांत बहिणीनें सासरच्या जाचाविषयीं लिहिलेलें असतें, मित्रानें आपल्या आजाराविषयीं सांगितलेलें असतें, एखाद्या विद्यार्थ्यानें गुरुजींजवळ मन मोकळें केलेलें असतें. त्या बहिणीनें कारागृह खात्यांत नोकरी मागितलेली नव्हती, त्या मित्राचीहि मुलाखत नव्हती. त्यांचें बोलणें मात्र मुलाखत घेणाऱ्याच्या टेबलावर येऊन पडलें. आपल्या एकट्याच्या मालकीची वस्तु मनुष्य लाचार होऊन देईल, तर ती निदान त्याचीच असते. येथें जें दिलें जातें त्यांतलें निम्में दुसऱ्याचें असतें, आणि त्या दुसऱ्यास कोणी विचारीत नाहीं. या प्रश्नाचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे.

त्या अधिकाऱ्यानें गप्प न बसतां अमेरिकेंतील नागरी स्वातंत्र्याचें काम करणाऱ्या एका प्रसिद्ध संस्थेकडे धांव घेतली. संस्थेनें २०११ च्या आरंभीं खात्याला पत्र लिहिलें, आणि खात्यानें ही पद्धति ४५ दिवस स्थगित ठेवली. नंतर जी नवी रीत काढली ती ऐकण्यासारखी आहे. परवलीचा शब्द आतां मागावयाचा नाहीं; उमेदवारानें स्वतःच आपलें खातें उघडावें, आणि मुलाखत घेणाऱ्यानें त्याच्या खांद्यावरून तें पाहावें. हेंहि सक्तीचें नाहीं, ज्याला वाटेल त्यानें दाखवावें, असें खात्याचें म्हणणें होतें. खात्यानें स्वतःच दिलेल्या माहितीप्रमाणें २,६८९ उमेदवारांच्या बाबतींत अशा प्रकारें सामाजिक माध्यमांचा विचार केला गेला, आणि तेथें आढळलेल्या मजकुरामुळें नोकरी नाकारली गेली ती ७ जणांना. बाकीचे २,६८२ जण निर्दोष होते. त्यांचीं मनें मात्र विनाकारण चाळलीं गेलीं.

‘वाटेल त्यानें दाखवावें’ या वाक्याची व्याकरणदृष्ट्या कांहींच चूक नाहीं. परंतु समोरच्या टेबलावर नेमणुकीचा कागद पडलेला आहे, घरीं भाडें थकलें आहे, बाहेर बांकावर आणखी वीस उमेदवार बसले आहेत, अशा वेळीं त्या वाक्याचा अर्थ काय होतो, तें व्याकरण सांगूं शकत नाहीं. गरजवंताची संमति ही संमति नव्हे. ती गरजेची पावती होय. युरोपांतील माहितीचें संरक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मंडळानें जून २०१७ मध्यें जें मतपत्र काढलें, त्यांत हेंच कायद्याच्या भाषेंत सांगितलें आहे. नोकर हा मालकावर अवलंबून असल्यामुळें त्याला मोकळेपणानें होकार देतां, नाकारतां किंवा दिलेला होकार मागें घेतां येणें क्वचितच शक्य असतें, असें मंडळाचें मत पडलें. आणि उमेदवारानें मालकास आपल्या खात्यावर मित्र म्हणून घ्यावें अशी मागणी करण्यास कायद्याचा कोणताहि आधार नाहीं, असेंहि त्यानें स्पष्ट लिहिलें.

येथें कोणी म्हणेल कीं, हा सारा संगणकाचा दोष आहे, पूर्वीं असें नव्हतें. तें खरें नाहीं. मुंबईच्या गिरणगांवांत, लालबाग-परळच्या चाळींत, मुकादम किंवा जॉबर नांवाचा मनुष्य कामगाराचा सारा संसार ओळखून असे. कोंकणांतून किंवा घाटावरून आलेल्या मनुष्याला गिरणींत लावणार तो, राहण्यास खोलींत जागा मिळवून देणार तो, अडल्या वेळीं कर्ज देणार किंवा जामीन राहणार तो, आणि मर्जी फिरली म्हणजे कामावरून काढणाराहि तोच. कामावर लावण्याबद्दल तो दस्तुरी घेई. कोणाच्या घरीं लग्न निघालें आहे, कोण संपाच्या सभेला गेला होता, कोणाची भाकरी कोणत्या खानावळींत ठरली आहे, हें त्याला विचारावें लागत नसे. हिंदुस्थानांतील मजुरांच्या स्थितीविषयीं नेमलेल्या शाही आयोगानें १९३१ सालच्या अहवालांत या मुकादमी पद्धतीवर टीका केली आहे. १९३५ पासून मुंबईंत बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हां त्याच्या हातची सत्ता थोडी ढिली झाली.

त्याहून चमत्कारिक उदाहरण अमेरिकेंतल्या फोर्ड मोटारींच्या कारखान्याचें आहे. जानेवारी १९१४ मध्यें हेन्री फोर्ड यानें कामगारांना आठ तासांबद्दल दिवसाला ५ डॉलर देण्याचें जाहीर केलें, आणि जगभर त्याच्या औदार्याचा डंका वाजला. पण त्यांतला सुमारे अर्धा भाग हा नफ्याचा वाटा म्हणून मिळावयाचा होता, आणि तो मिळण्यास कामगाराचें घरचें वर्तन चांगलें असावें लागे. तें पाहण्यासाठीं कारखान्यानें एक स्वतंत्र खातेंच उघडलें. त्या खात्याचे तपासनीस कामगारांच्या घरीं जात. लग्न झालें आहे कीं नाहीं, बँकेंत शिल्लक किती, दारू पितो कीं काय, घरांत भाडोत्री ठेवले आहेत काय, घर झाडलेलें आहे काय, अशी सारी चौकशी करून तें कागदावर टिपून घेत. परदेशांतून आलेल्या कामगारांसाठीं बरोबर दुभाषी असे. हेतु वाईट होता असें म्हणवत नाहीं. दारूपायीं कित्येक संसार बुडत होते आणि तपासनीसांच्या धाकानें कांहीं सावरलेहि असतील. तथापि १९२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत खुद्द फोर्डनेंच मान्य केलें कीं, कामगारांच्या खासगी गोष्टींत डोकावणारी असली कल्याणकारी पद्धति आतां जुनाट झाली आहे.

फोर्डच्या तपासनीसाला निदान दारावर थाप मारावी लागे. तो येत आहे असें दिसलें म्हणजे गृहिणीला पदर सावरतां येई, पोराला परसांत पाठवितां येई. आणि तपासनीस पाहणार तें आजचें घर. पांच वर्षांपूर्वींचें भांडण त्याला दिसावयाचें नाहीं. फेसबुकचें खातें उघडणाऱ्यास मात्र दहा वर्षांपूर्वींचें एका रात्रींचें संतापाचें बोलणेंहि काल लिहिल्यासारखें ताजें सांपडतें. शिवाय मालकानें उमेदवारास जे प्रश्न विचारणें शोभत नाहीं, आणि कित्येक देशांत कायद्यानेंहि चालत नाहीं, त्यांचीं उत्तरें तेथें न विचारतां मिळतात. धर्म कोणता, जात कोणती, घरांत आजार कोणता, बाईला दिवस गेले आहेत कीं काय, मत कोणत्या पक्षाला, हें सारें एका ओळींत. मग नोकरी नाकारली तर ती कशामुळें, हें उमेदवारास कधींच कळत नाहीं.

मेरिलंडच्या आधीं, जून २००९ मध्यें, मोंटाना राज्यांतील बोझमन या शहराच्या नगरपालिकेनें तर नोकरीच्या छापील अर्जांतच उमेदवारांकडून सर्व खात्यांचीं नांवें आणि परवलीचे शब्द मागितले होते. वर्तमानपत्रांत बोभाटा होतांच कांहीं दिवसांतच नगरपालिकेनें तो रकाना काढून टाकला. पण मेरिलंडमधील प्रकरण कायदेमंडळापर्यंत गेलें. २०१२ च्या वसंतांत त्या राज्यानें कायदा केला आणि तो १ ऑक्टोबर २०१२ पासून अमलांत आला. मालकानें नोकराकडे किंवा उमेदवाराकडे त्याच्या खासगी खात्याचा परवलीचा शब्द मागूं नये, आणि दिला नाहीं म्हणून त्याला काढूं नये किंवा घेण्याचें नाकारूं नये, असा त्याचा आशय आहे. अशा प्रकारचा अमेरिकेंतला हा पहिलाच कायदा. इलिनॉय आणि कॅलिफोर्निया या राज्यांचे कायदे १ जानेवारी २०१३ पासून सुरू झाले, आणि पुढें दोन डझनांहून अधिक राज्यांनीं तीच वाट धरली. साऱ्या देशासाठीं एक कायदा करण्याचा प्रयत्न २०१२ मध्यें झाला, पण तो तडीस गेला नाहीं. फेसबुक कंपनीनेंहि मार्च २०१२ मध्यें जाहीर केलें होतें कीं, परवलीचा शब्द मागणें किंवा देणें हा आपल्या नियमांचा भंग आहे. कंपनीनें त्या वेळीं मित्रांच्या खासगीपणाचाहि उल्लेख केला, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. स्वतः कंपनी लोकांच्या माहितीवर जें कमावते त्याचा विषय निराळा. त्याला दुसरें भाषण लागेल.

कायदा झाला म्हणजे प्रश्न सुटला असें नाहीं. न्यू जर्सी राज्यांत हॅकेन्सॅक येथें एका उपाहारगृहांतल्या नोकरांनीं मायस्पेस या माध्यमावर आपला एक बंद गट केला होता. बोलावलेल्यांनाच तेथें प्रवेश. दिवसभराच्या कामानंतर व्यवस्थापकांची टिंगल, गिऱ्हाइकांचे किस्से, असा त्याचा एकंदर थाट. वाढपी आणि चाकर जेथें जेथें एकत्र बसतात तेथें असें बोलणें मनुष्यजातीच्या आरंभापासून चालत आलें असेल. व्यवस्थापकाला वास लागला. दाराशीं गिऱ्हाइकांचें स्वागत करणाऱ्या एका मुलीकडे तिचा परवलीचा शब्द मागण्यांत आला आणि तिनें तो दिला. गट उघडला गेला, आणि दोघांची नोकरी गेली. खटला चालला तेव्हां त्या मुलीनें साक्षींत सांगितलें कीं, दिला नसता तर आपल्याला त्रास झाला असता असें वाटलें. तिला कोणी धमकी दिली नव्हती. तरीहि २००९ मध्यें ज्यूरीनें असा निकाल दिला कीं, व्यवस्थापकांनीं योग्य परवानगीवांचून तो गट उघडला. दळणवळणाच्या सांठविलेल्या मजकुराला संरक्षण देणारा १९८६ चा कायदा त्यांनीं मोडला. फेसबुक जन्मास येण्याच्या कितीतरी आधींचा हा कायदा, पण कामीं आला. त्या ज्यूरीनें खासगीपणाचा भंग झाल्याची निराळी तक्रार मात्र मान्य केली नाहीं. मुलीची संमति ही संमति नव्हती, एवढें मात्र ज्यूरींतल्या सामान्य माणसांना न शिकवितां समजलें.

त्याच राज्यांत २०१३ मध्यें दुसरा एक निकाल लागला, तो याच्या उलट बाजू दाखवितो. एका परिचारिकेनें आपल्या खात्यावर मित्रांपुरतें कांहीं लिहिलें होतें. तिच्याच एका सहकाऱ्यानें, जो तिच्या मित्रांच्या यादींत होता, कोणी न सांगतां त्या मजकुराचीं चित्रें काढून वरिष्ठांकडे पाठविलीं. न्यायालयानें सांगितलें कीं, मित्रांपुरता ठेवलेला मजकूर कायद्यानें संरक्षित आहे; पण ज्याला तो वाचण्याचा अधिकार होता त्यानेंच आपणहून तो दिला, तेव्हां मालकाचा अपराध होत नाहीं. यावर कायद्याला इलाज नाहीं. जी फितुरी कोणीहि मागितलेली नाहीं ती पेठेंत जशी होती तशीच राहते.

मालकाची बाजूहि येथें प्रामाणिकपणें मांडली पाहिजे, नाहीं तर हें भाषण एकतर्फी होईल. कोणी नोकर सहकारी स्त्रीस रात्रीं अपरात्रीं घाणेरडे संदेश पाठवीत असेल, कोणी कारखान्याचे गुप्त नकाशे खासगी खात्यावरून बाहेर धाडीत असेल, कोणी शाळेंतल्या मुलांशीं गैर बोलत असेल, तर मालकानें डोळे मिटून बसावें काय? मुळींच नाहीं. मेरिलंडच्या कायद्यांतहि पैशाच्या व्यवहारांविषयींचे नियम आणि व्यवसायाची गुप्त माहिती यांच्या चौकशीसाठीं मोकळीक ठेवलेली आहे. तक्रार आली, तिचा विषय ठरला, त्या विषयापुरता पुरावा मागितला, नोकराला उत्तर देण्याची संधि दिली, ही चौकशी झाली. तक्रार नाहीं, विषय नाहीं, कांहीं सांपडतें कीं काय म्हणून सारा संदूक उपडा केला, याला चौकशी म्हणत नाहींत.

तसेंच चव्हाट्यावर केलेलें भाषण आणि माजघरांतलें बोलणें यांत फरक केला पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्यें मुंबई उच्च न्यायालयापुढें आलेल्या एका प्रकरणांत कारखान्यांतील कामगारानें वेतनाच्या वादाच्या वेळीं फेसबुकवर कंपनीविरुद्ध चिथावणी देणारा मजकूर लिहिला होता; न्यायालयानें त्याला कामावरून काढण्याचा निर्णय उचलून धरला. तो निकाल कोणाला कडक वाटेल, कोणाला योग्य वाटेल. पण तेथें कोणी कोणाचें कुलूप उघडलें नव्हतें. उलट जानेवारी २०२० मध्यें त्रिपुरा उच्च न्यायालयानें असें सांगितलें कीं, सरकारी नोकर झाला म्हणून मनुष्याचें मत मांडण्याचें स्वातंत्र्य संपत नाहीं. तेथें निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या एका महिला कर्मचाऱ्यास सभेला हजर राहिल्यावरून आणि फेसबुकवरील मजकुरावरून निलंबित केलें होतें. महाराष्ट्र शासनानें जुलै २०२५ मध्यें आपल्या कर्मचाऱ्यांसाठीं सामाजिक माध्यमांविषयीं जे निर्बंध जाहीर केले, त्यांत शासनाच्या धोरणांवर टीका करण्यास मनाई आहे. तिच्यावर वाद होईल. पण खासगी खातें आणि कार्यालयीन खातें निरनिराळीं ठेवावीं, असेंहि त्यांत म्हटलें आहे. म्हणजे दारें दोन आहेत हें शासनालाहि मान्य आहे.

परंतु हीं दोन दारें नेहमीं इतकीं स्पष्ट नसतात. रुमानियांतल्या एका कंपनींत विक्रीचें काम पाहणाऱ्या अभियंत्याला मालकानेंच सांगितलें कीं, गिऱ्हाइकांच्या प्रश्नांना उत्तरें देण्यासाठीं याहूच्या संदेश-सेवेवर एक खातें उघड. त्यानें उघडलें. कामाच्या साधनांचा खासगी उपयोग करूं नये, असा कंपनीचा नियम होता. जुलै २००७ मध्यें त्याला बोलावून, तूं हें खातें खासगी कामासाठीं वापरतोस, असा ठपका ठेवण्यांत आला. तो म्हणाला, छे, केवळ कामासाठींच वापरतों. तेव्हां त्याच्यापुढें ४५ पानांची एक प्रत ठेवण्यांत आली. त्यानें आपल्या भावाशीं आणि वाग्दत्त वधूशीं केलेलें सारें संभाषण तींत अक्षरशः उतरवून घेतलेलें होतें, आणि कांहीं मजकूर अतिशय नाजूक होता. शिवाय त्याच्या अगदीं स्वतःच्या दुसऱ्या खात्यावरून पाठविलेले पांच लहान संदेशहि त्यांत होते. ऑगस्टच्या पहिल्या तारखेस त्याला कामावरून काढण्यांत आलें.

तो मनुष्य खोटें बोलला होता, यांत शंका नाहीं. नियमहि त्यानें मोडला होता. रुमानियाच्या न्यायालयांनीं त्याच्या विरुद्ध निकाल दिला. स्ट्रासबूर्ग येथील युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाच्या लहान पीठानेंहि जानेवारी २०१६ मध्यें तसाच दिला. पण तेथल्या मोठ्या पीठानें ५ सप्टेंबर २०१७ रोजीं ११ विरुद्ध ६ मतांनीं तो फिरविला. मालकाला देखरेख करतांच येणार नाहीं असें न्यायालयानें म्हटलें नाहीं. त्यानें निराळेच प्रश्न विचारले. पाळत ठेवली जाईल हें नोकराला आधीं सांगितलें होतें काय? किती दिवस, किती खोलवर वाचलें? तसें करण्यास सबळ कारण होतें काय? आंतला मजकूर न वाचतां काम भागलें नसतें काय? या प्रश्नांचीं उत्तरें रुमानियाच्या न्यायालयांनीं नीट शोधलींच नव्हतीं. मालकाचे नियम कितीहि कडक असले, तरी कामाच्या जागीं मनुष्याचें खासगी जीवन शून्यावर आणतां येत नाहीं, हें त्या निकालाचें सार. दहा वर्षें लागलीं. नियम मोडणाऱ्या आणि खोटें बोलणाऱ्या मनुष्यालाहि एक आंतली खोली असते, हें प्रस्थापित करण्यास दहा वर्षें फार झालीं असें कोणी म्हणूं नये; पुष्कळ देशांत अजून सुरुवातहि व्हावयाची आहे.

आपल्या देशाचें काय? २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें एकमतानें निर्णय दिला कीं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हा खटला कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे. पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध चालतात. खासगी कंपनीच्या दाराशीं ते तसेच्या तसे घेऊन जातां येत नाहींत, त्यासाठीं निराळा कायदा लागतो. २००० सालच्या माहिती-तंत्रज्ञान कायद्यांत दुसऱ्याचा परवलीचा शब्द लबाडीनें वापरणारास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पण जेथें नोकरानें स्वतःच्याच तोंडानें शब्द सांगितला, तेथें लबाडी कशी शाबित करावयाची? मुलाखतीच्या खोलींतलें तें दडपण त्या कलमाला दिसत नाहीं.

२०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यांत संमतीची व्याख्या उत्तम केली आहे. संमति मोकळी हवी, विशिष्ट हवी, समजून उमजून दिलेली हवी, बिनशर्त हवी, निःसंदिग्ध हवी. ती वाचून मनुष्याला समाधान वाटतें. पुढें सातव्या कलमांत मात्र असें आहे कीं, नोकरीच्या कामासाठीं, किंवा मालकाचें नुकसान टाळण्यासाठीं, नोकराची माहिती संमतीवांचूनहि हाताळतां येते. ‘नोकरीच्या कामासाठीं’ या शब्दांत हजेरीपट आणि पगारपत्रक बसतें हें उघडच आहे. त्यांत बहिणीचें पत्र बसतें काय, हें कोणत्या तरी नोकरानें पदरचे पैसे खर्चून न्यायालयांत गेल्यावर ठरणार. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि मुख्य कलमें त्यानंतर अठरा महिन्यांनीं लागू करण्याचें त्या वेळीं ठरलें. नोकराच्या खासगी खात्याचा परवलीचा शब्द मागूं नये, असें मेरिलंडप्रमाणें एका ओळींत सांगणारें कलम त्यांत नाहीं.

आणि आपल्याकडे शब्द मागण्याची वेळ क्वचितच येते; त्याहून सौम्य उपाय पुष्कळ आहेत. वॉशिंग्टन राज्यानें २०१३ मध्यें कायदा करतांना नोकरानें मालकास आपल्या मित्रांच्या यादींत घ्यावें अशी सक्ति करण्यासहि बंदी घातली, ती उगीच नव्हे. फेसबुकवर मैत्री जोडावयाची झाली म्हणजे समोरच्याकडे विनंती पाठवावी लागते. मराठींत विनंती खालून वर जाते. वरून खालीं येते तिला आपण निराळें नांव देतों. रात्रीं जेवण आटोपून कारकून अंथरुणावर पडलेला असतो, तों मोबाइलवर साहेबांची मैत्रीची विनंती येते. ती नाकारण्याची सोय यंत्रांत आहे, तिचें बटण होकाराच्या शेजारींच असतें. तो बायकोकडे पाहतो, थोडा वेळ जाऊं देतो, आणि होकाराचें बटण दाबतो. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या खात्यावर सणावारांच्या शुभेच्छा, सकाळचे सुविचार आणि कंपनीच्या वर्धापनदिनाचीं छायाचित्रें दिसूं लागतात. त्याची बहीण आतां तेथें कांहीं लिहीत नाहीं. ती रविवारीं दुपारीं फोन करते.